शंकर नगरच्या वळणावरील संयुक्त टिपण

आमच्या वसाहतीत सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या मते त्या दिवशी मला स्टिअरिंगवर डुलकी लागली होती. माझ्या मुलाच्या मते मी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला. कोपऱ्यावरच्या पानठेलेवाल्याच्या मते समोरची गाडी विमानाच्या वेगाने आली आणि माझा काडीचाही दोष नव्हता. ही तिन्ही विधाने खोटी आहेत, आणि तिसरे माझ्या बाजूचे असले तरी पहिल्या दोहोंइतकेच खोटे आहे, हे मी सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. गाडी माझी होती, चालवत मी होतो, आणि अपघाताचे अहवाल लिहिणे हा जन्मभर माझा व्यवसाय होता. तेव्हा याविषयी अधिकाराने बोलू शकेल असा माणूस शोधायला लोकांना फार लांब जावे लागू नये. पण रायपुरात कोणत्याही घटनेची माहिती तिथे नसलेल्या माणसालाच अधिक असते, असा माझा अनुभव आहे.

मी रेल्वेच्या वाहतूक खात्यात निरीक्षक होतो. रुळावरून डबा घसरला की आम्हाला धाडले जाई. तिथे पोचल्यावर पहिले काम कोणी जखमी आहे का ते पाहणे. दुसरे, जे जसे पडले आहे ते तसेच राहू देणे. आणि तिसरे, वेगवेगळ्या खात्यांच्या माणसांनी जागेवरच, उभ्या उभ्या, एका कागदावर काय दिसले ते लिहून खाली सह्या करणे. या कागदाला आम्ही जॉइंट नोट म्हणत असू. ती लिहिताना रुळवाला म्हणे की चाक झिजलेले होते, डब्याचा मिस्त्री म्हणे की रूळ पसरला होता, आणि दोघांचे एकमत फक्त एका गोष्टीवर होई, ती म्हणजे गाडी चालवणारा झोपला होता. तरीही ऊन डोक्यावर येईपर्यंत भांडून का होईना, शेवटी कारणाच्या रकान्यात काहीतरी खरे उतरत असे, कारण तो रकाना रिकामा सोडण्याची मुभा कुणालाच नव्हती. सडकेवरच्या अपघातात असा रकाना नसतो. तिथे फक्त मोबाइल असतात.

आता माझ्या मानेविषयी, कारण तिच्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही. दोन वर्षांपासून माझी मान डावीकडे वळत नाही. उजवीकडे ती व्यवस्थित वळते, खाली-वर होते, होकार देते. डावीकडे मात्र खांद्यापाशी अडते. डॉक्टरांनी मणक्यांची झीज सांगितली. ही गोष्ट आम्ही, म्हणजे मी आणि माझ्या पत्नीने, मुलाला सांगितली नव्हती. मुलाचा डोळा बरेच दिवस माझ्या गाडीच्या किल्लीवर होता. गाडी त्याला नको होती. माझ्या हातात ती नको होती. दर दिवाळीला तो कुठल्यातरी म्हाताऱ्याने कुठेतरी कुणाला तरी उडवल्याची बातमी घेऊन येई आणि फराळाच्या ताटासमोर वाचून दाखवी. मी ऐकून घेई आणि दुसऱ्या दिवशी गाडी काढी. ती किल्ली गेली असती तर पत्नीचे दर गुरुवारी ब्राह्मणपाऱ्यात बहिणीकडे जाणे मुलाच्या रविवारावर अवलंबून राहिले असते, आणि मुलाचा रविवार त्याच्या साहेबावर अवलंबून असतो. माझ्यापुरते सांगायचे तर, ज्याने आयुष्यभर इतरांच्या गाड्या सोडल्या किंवा अडवल्या त्याने आपल्या दारापुढे ऑटोची वाट पाहत उभे राहावे, हे मला मान्य नव्हते.

म्हणून आम्ही व्यवस्था केली होती. रेल्वेत पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर, म्हणजे मार्ग मोकळा असल्याचा निरोप, दिल्याशिवाय गाडी सुटत नाही. आमच्या गाडीत ते स्टेशन पत्नी चालवीत असे. ती डावीकडच्या सीटवर बसते. वळण आले की ती डावीकडे पाही आणि ‘हव’ म्हणे. हा शब्द तिने शेजारच्या छत्तीसगढी बाईंकडून उचलला आहे आणि होकारासाठी इतका आखूड शब्द मराठीत नाही असे तिचे मत आहे. ‘हव’ आले की मी गाडी सोडी. ‘थांबा’ आले की थांबे. दोन वर्षांत आमच्या गाडीला साधा ओरखडा पडला नाही.

त्या गुरुवारी संक्रांतीचे दिवस होते. पत्नीच्या मांडीवर तिळाच्या वड्यांचा स्टीलचा डबा होता. फाटकातून गाडी मागे घेताना तिने मला कुंडी दाखवली, मग दुसरी कुंडी दाखवली, मग फाटक दाखवले. हे फाटक मी स्वतः बसवून घेतलेले आहे.

‘‘मले दिसून राहिलं,’’ मी म्हणालो.

‘‘मागच्या वेळेसही दिसूनच राहिलं होतं. कुंडी गेली.’’

‘‘आता ब्राह्मणपारा येईपर्यंत तोंड उघडू नको. एक शब्द नको.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली, आणि तिने तोंड मिटले.

गल्लीच्या तोंडाशी, जिथे आमचा रस्ता शंकर नगरच्या मोठ्या रस्त्याला मिळतो, तिथे मला उजवीकडे वळायचे होते. उजवीकडे मी स्वतः पाहिले. रस्ता मोकळा होता. डावीकडचा ‘हव’ आला नाही. ‘थांबा’ही आला नाही. मला विचारता आले असते. पण ज्याने दोन मिनिटांपूर्वी बोलू नको म्हणून फर्मान काढले त्यानेच आता बोल म्हणून विनंती करायची, हे शोभणारे नव्हते. मी गाडी सोडली. डावीकडून आलेल्या पांढऱ्या मोठ्या गाडीने माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यावर, पत्नीच्या बाजूला, धडक दिली. वेग दोघांचाही फार नव्हता. तरी आवाज असा आला की पानठेल्यावरची माणसे ठेल्यामागे गेली आणि लगेच मोबाइल घेऊन बाहेर आली.

मी पत्नीला विचारले, ‘‘लागलं का?’’

ती समोर बघत बसली होती. सीटचा पट्टा लावलेला, डबा दोन्ही हातांत, झाकण उघडून वड्या पायाशी सांडलेल्या. उत्तर नाही.

‘‘अवं, लागलं का तुले?’’

उत्तर नाही. नोकरीत मी अशी माणसे पाहिली होती, जी बाहेरून धड दिसत आणि आत काही शिल्लक नसे. माझी मान तिच्याकडे वळेना. मी खांद्यासकट, कमरेसकट वळलो, तिचा हात धरला. तो गरम होता.

तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘‘आता बोलू का?’’

या प्रश्नाला मी काय उत्तर दिले याविषयी आमच्यात आजही मतभेद आहेत. ती म्हणते मी रडलो. मी रडलो नाही.

खाली उतरल्यावर मी मुलाला फोन केला. तो नवा रायपुरातल्या कार्यालयात होता, म्हणजे लगेच निघाला तरी बऱ्याच वेळाने पोचणार. त्याने आधी आईची चौकशी केली, मग मला म्हणाला, ‘‘बाबा, तुम्ही काहीच करू नका. मी मेसेज पाठवून राहिलो, तो वाचा.’’ मेसेज आला. दुर्घटना के बाद क्या करें, अशा मथळ्याखाली दहा सूचना होत्या. पहिली, शांत रहें. ही सूचना लिहिणाऱ्याच्या गाडीत त्याची पत्नी बोलायची थांबलेली नसावी. जखमींना पाहा, फोटो काढा, गाड्या बाजूला घ्या, समोरच्याचा क्रमांक आणि लायसन्स टिपून घ्या, पोलिसांना आणि विमा कंपनीला कळवा. इथपर्यंत मी मान डोलावली, जितकी डोलते तितकी. पण नववी सूचना ठळक अक्षरांत होती: अपनी गलती कभी न मानें. सगळ्यांनीच ती पाळायची ठरवली तर अपघात आपोआप होतात असे मानावे लागेल. रेल्वेत आम्ही हिचे पालन केले असते तर आजही तीच रूळ बदलायच्या पॉइंटची पट्टी त्याच ठिकाणी डबे पाडत राहिली असती. गाड्या बाजूला घ्या, हेही मला पटले नाही. बाजूला घेतल्यावर कुणाचे चाक कुठे होते हे कोण सांगणार? पानठेलेवाला?

मी रस्त्याकडेचा विटेचा तुकडा घेतला आणि दोन्ही गाड्यांच्या चाकांभोवती खुणा करायला लागलो. माझ्या गाडीमागे आणि त्या गाडीमागे रांगा लागल्या. भोंगे वाजू लागले.

‘‘अरे चचा, गाड़ी साइड करो, रंगोली बाद में बनाना,’’ एक मोटारसायकलवाला म्हणाला.

‘‘जॉइंट नोट होईपर्यंत चाक हलणार नाही,’’ मी मराठीतच सांगितले. घाईत माणूस आपल्याच भाषेत नियम सांगतो.

पांढऱ्या गाडीचा मालक, चाळिशीतला, चष्मा लावलेला, गळ्यात कार्यालयाचे ओळखपत्र लटकवलेला गृहस्थ, दरवाज्याशी उभा राहून फोनवर बोलत होता. ‘‘अगं, ठोकलं एका म्हाताऱ्यानं. नाही, मला काही नाही झालं. आता हिंदीत भांडायचंय, तीच पंचाईत आहे. माझं हिंदी ऐकून इथे लोक हसतात.’’

‘‘मराठीत भांडा न,’’ मी खुणा करता करता म्हणालो. ‘‘म्हातारा मराठीच आहे.’’

त्याने फोन खाली घेतला. ‘‘अरे वा. काका, तुम्ही कुठले?’’

‘‘इथलाच.’’

‘‘तसं नाही, मूळचे?’’

‘‘मूळचाही इथलाच. आजोबा नागपुरातून रेल्वेत आले. परत जायची गाडी त्यांनी पकडली नाही. तुम्ही?’’

‘‘पुणे.’’

‘‘वाटलंच. खुणेवर पाय ठेवू नका.’’

तो दोन वर्षांपासून नवा रायपुरातल्या एका संस्थेत होता आणि घराबाहेर त्याला मराठी बोलायला मिळत नव्हते. त्यामुळे अपघाताचा त्याला राग येण्याऐवजी थोडा आनंदच झालेला दिसला. पत्नीने उरलेल्या वड्यांपैकी एक त्याला दिली. त्याने ती खाल्ली आणि म्हणाला, ‘‘काकू, छान झाल्यात. फक्त आमच्याकडे इतका गूळ घालत नाहीत.’’

‘‘म्हणूनच तर तुम्ही इकडे येता,’’ पत्नी म्हणाली.

पानठेल्याच्या बाकावर आम्ही दोघे बसलो. त्याच्या बॅगेतून कोरा कागद निघाला आणि माझ्या खिशातून पेन. मी कलमे पाडली. पहिले कलम जागेचे, दुसरे वेळेचे, तिसरे रस्त्याच्या स्थितीचे, चौथे दोन्ही गाड्यांच्या चाकांच्या जागेचे. प्रत्येक कलमावर वाद झाला. त्याला माझे मराठी खटकत होते. ‘‘काका, तुमच्या मराठीत हिंदी फार येतं,’’ तो म्हणाला. मी म्हणालो, ‘‘आमचं मराठी परमुलुखात चार पिढ्या टिकलं. तुमचं एका बदलीत इंग्रजी झालं. पाचव्या कलमात ‘इम्पॅक्ट’ लिहिला आहे तुम्ही, तो खोडा.’’ त्याने तो खोडून धडक असे लिहिले.

भोंगे वाजतच होते. मागच्या रांगेतल्या एका ऑटोवाल्याने हे दोघे जमिनीचा व्यवहार करत आहेत काय, असे ठेलेवाल्याला विचारले.

सहाव्या कलमात मी त्याला विचारले, ‘‘धडकेच्या वेळी तुम्ही कुठं बघून राहिले होते?’’

त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, ‘‘मोबाइलवर. मॅप बघत होतो.’’

‘‘दोन वर्षं झाली न तुम्हाला रायपुरात?’’

‘‘रोज बघतो. सवय लागलीय. काका, हे लिहायला पाहिजे का? कारण कशाला लिहायचं? विमावाले सांगतात, चूक कबूल करायची नाही.’’

‘‘मग हे टिपण नाही, निमंत्रणपत्रिका आहे.’’

त्याने माझ्याकडे पाहिले, आणि स्वतःच्या हाताने लिहिले की गाडी क्रमांक दोनचा चालक धडकेपूर्वी मोबाइलवरील नकाशा पाहत होता. मग पेन माझ्यापुढे धरले. सातवे कलम माझे होते. मी लिहिले: ‘गाडी क्रमांक एकच्या चालकाने डावीकडे पाहिले नाही, कारण त्याची मान डावीकडे वळत नाही.’

हे मी फार धैर्याने लिहिले असे कुणी समजू नये. समोरच्याने सत्य लिहिल्यावर आपण न लिहिणे मला कमीपणाचे वाटले, हे एक. आणि दुसरे, टिपण मराठीत होते, रायपुरात होते, आणि माझा मुलगा मराठी बोलतो खरा, पण शाळा हिंदीत झाल्यामुळे मराठी मजकुराची दोन ओळींहून मोठी भिंत दिसली की तो वळसा घालून जातो. माझे सत्य मी एका सुरक्षित जागी ठेवले होते.

हवालदार आला तो गर्दीमुळे, आमच्यामुळे नाही. ‘‘समझौता करना है कि थाने चलना है?’’ त्याने विचारले.

‘‘जॉइंट नोट हो गया है. आप भी दस्तखत कीजिए,’’ मी कागद पुढे केला.

त्याने वाचायचा प्रयत्न केला. अक्षरे ओळखीची, शब्द अनोळखी, अशा ठिकाणी माणसाच्या चेहऱ्यावर जो संशय येतो तो त्याच्या चेहऱ्यावर आला. ‘‘ये कौन सी हिंदी है?’’

‘‘मराठी है.’’

‘‘तो बाबूजी, मामला महाराष्ट्र भेज दें?’’

त्याने सही केली नाही. साक्षीदार म्हणून ठेलेवाल्याने केली. त्यालाही काय लिहिले आहे ते कळले नव्हते, पण त्याने ऐटीत सही केली आणि त्याच दिवसापासून विमानाच्या वेगाची ती हकिकत सांगायला सुरुवात केली. रायपुरात हे टिपण हिंदीत लिहावे, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही. दोन मराठी माणसे परप्रांतात भेटली की त्यांना आपण कुठे आहोत याचा विसर पडतो, आणि त्याची आठवण पुढे दुसऱ्यांना करून द्यावी लागते.

मुलगा पोचला तेव्हा गाड्या बाजूला झाल्या होत्या. त्याने आईला पाहिले, गाडीचा दबलेला कोपरा पाहिला आणि हात पुढे केला. ‘‘किल्ली.’’

‘‘वर्कशॉपवाल्याले द्यायची आहे.’’

‘‘मी देतो.’’

घरी आल्यावर त्याने आपला निकाल दिला. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर. मी म्हणालो की निकाल देण्याआधी चौकशी असते. तो म्हणाला, ‘‘ठीक आहे. विम्याचा माणूस येईल, कागदं जातील. तुमची चूक नाही असं निघालं, तर गाडी दुरुस्त होऊन आली की किल्ली तुमच्या हातात. चूक निघाली तर विषय संपला. मंजूर?’’

‘‘मंजूर,’’ मी म्हणालो. पत्नी काही म्हणाली नाही. त्या दिवसांत ती न बोलण्यात तरबेज झाली होती.

माझे गणित सोपे होते. समोरच्याने मोबाइल पाहत असल्याचे स्वतःच्या अक्षरात लिहिले होते. माझे सातवे कलम मराठीत निजले होते. विम्याचा पाहणी करणारा आला, गाडीचे फोटो घेतले, टिपण उलटसुलट केले आणि म्हणाला, ‘‘सर, इसका हिंदी या अंग्रेज़ी में अनुवाद लगेगा. दोनों पार्टी का साइन है, तो काम की चीज़ है.’’ आजवर माझ्या कोणत्याही अहवालाचे कुणी इतके कौतुक केले नव्हते, आणि ते नको त्या वेळी झाले.

अनुवादाचे काम नातीकडे आले. ती कॉलेजात जाते. तिला आमचे सगळे मराठी कळते आणि ती सगळ्याचे उत्तर हिंदीत देते. मराठी वाचायला तिला पत्नीने लहानपणी शिकवले होते. त्याचा उपयोग कधी होईल असे घरात कुणाला वाटले नव्हते. जेवणाच्या टेबलावर ती लिहायला बसली आणि मी देखरेखीला. सहा कलमे झाली. सातव्याला तिचे पेन थांबले. तिने ते पुन्हा वाचले, मग माझ्या मानेकडे पाहिले.

‘‘आबा, ये सच है?’’

‘‘जॉइंट नोट में झूठ नहीं लिखते.’’

‘‘पापा पढ़ेंगे तो चाबी गई समझो.’’ ती हळू आवाजात बोलू लागली. ‘‘मैं लिख देती हूँ, चालक को बाईं ओर का वाहन दिखाई नहीं दिया. ये भी तो सच है. बस गर्दन वाली बात नहीं आएगी. किसको पता चलेगा?’’

मुलगी हुशार आहे. वाक्य निर्दोष होते. मला गाडी दिसली नव्हती, हे कोणत्याही न्यायालयात खरेच ठरले असते. मी त्यात दोष शोधू लागलो, आणि ज्या माणसाने आयुष्यभर इतरांच्या वाक्यांत दोष शोधले त्याला त्या वाक्यात बराच वेळ काही सापडेना. मी त्या वाक्यासह ब्राह्मणपाऱ्यापर्यंत गाडी चालवीत जाऊन आलो, मनातल्या मनात, दोनदा. मग माझ्या लक्षात आले की हे वाक्य मी ओळखतो. रुळवाला असेच वाक्य लिहीत असे. ‘रूळ सकृद्दर्शनी ठीक दिसला.’ मी ते पेनाने आडवे कापत असे आणि त्याला म्हणत असे, दिसला ते सोड, होता का ते लिही.

‘‘काट दे,’’ मी म्हणालो. ‘‘जे लिहिलं आहे तेच लिही.’’

‘‘आबा, सोच लो.’’

‘‘सोचूनच सांगून राहिलो, पोट्टी. लिही.’’

तिने लिहिले. त्या संध्याकाळी मुलगा आल्यावर त्याने तो हिंदी कागद उभ्यानेच वाचला. सातव्या कलमापाशी तो बसला.

‘‘कधीपासून?’’ त्याने विचारले.

‘‘दोन वर्षं.’’

‘‘दोन वर्षं तुम्ही डावीकडं न बघता गाडी चालवून राहिले? शंकर नगरात? आईले घेऊन?’’

‘‘डावीकडं बघितलं जात होतं. तुझी आई बघत होती.’’

मग त्याला सगळे सांगावे लागले, लाइन क्लिअर, हव आणि थांबा. ऐकताना त्याचा चेहरा त्या हवालदारासारखा झाला. पत्नी स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

‘‘माझंही लिहून घे त्या कागदात,’’ ती नातीला म्हणाली. ‘‘ती पांढरी गाडी मला दिसली होती.’’

मी खुर्चीतून खांद्यासकट वळलो. हे मला नवे होते.

‘‘दिसली होती, तर बोलली काहून नाही?’’

‘‘ब्राह्मणपारा यायचा होता न अजून.’’

नात हसली आणि तिने तोंडावर हात धरला. मुलगा हसला नाही. पत्नी बोलली ते हसून, पण कोरडे झालेले हात ती अजून पुसतच होती, आणि मला कळले की गेले इतके दिवस ती या एका गोष्टीवर गप्प बसली होती. मी म्हणालो की तिचे म्हणणे टिपणात येणार नाही. टिपणावर चालकांच्या सह्या आहेत. हुकूम चालकाचा होता, तिने तो पाळला. हुकूम पाळणाऱ्यावर दोष ठेवायची आमच्या खात्यात पद्धत नाही. ती म्हणाली, आमच्या खात्यात आहे. यावर आम्ही दोघे बरेच भांडलो. प्रत्येकजण दोष स्वतःकडे ओढत होता, आणि मुलगा मधोमध बसून कोणत्याही बाजूने मत देत नव्हता. नोकरीत अशी चौकशी माझ्या वाट्याला कधी आली नाही.

शेवटी मुलाने खिशातून किल्ली काढली, पाहिली आणि परत खिशात ठेवली. ‘‘ठरलं होतं न, बाबा.’’

‘‘ठरलं होतं,’’ मी म्हणालो.

आता तो सगळ्यांना सांगतो की बाबांनी स्वखुशीने किल्ली दिली, फार समजूतदारपणा दाखवला. हे सपशेल चूक आहे. मी खुशीने काहीही दिले नाही. किल्ली माझ्या टिपणाने नेली, त्याने नव्हे, आणि समजूतदारपणाचा आरोप मी सहन करणार नाही. पुण्याच्या गृहस्थाचा फोन आला होता. हिंदी प्रत त्यालाही हवी होती. तुमचे सातवे कलम गाळले तरी माझी काही हरकत नाही, असे तो मोठ्या मनाने म्हणाला. मी त्याला विचारले की मग सहावेही गाळायचे का. तो म्हणाला, नको, राहू द्या दोन्ही. गुरुवारी आम्ही आता ऑटोने जातो. ऑटोवाला ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीत आत येत नाही, नाक्यावर सोडतो, आणि पुढे पत्नी माझ्या डाव्या बाजूने चालते.

मात्र एका विधानाचे खंडन माझ्या हातून अजून झालेले नाही. त्या संध्याकाळी, मुलगा उठून गेल्यावर, पत्नी नातीला म्हणाली, ‘‘गाडी तर दोन वर्षं मीच चालवत होते. यांच्या हातात नुसतं स्टिअरिंग होतं.’’ नातीने हे बहिणीबहिणींत, मावश्यांत, सगळीकडे पसरवले. ते साफ खोटे आहे. क्लच माझ्याकडे होता, ब्रेक माझ्याकडे होता, गिअर माझ्याकडे होता, आणि रस्ता कोणता घ्यायचा हे ठरवायचोही मीच. हे सिद्ध करायला मला एकदाच, एकट्याने, डावी सीट रिकामी ठेवून शंकर नगरचे ते वळण घेऊन दाखवावे लागेल. मुलाकडे मी तशी लेखी मागणी केली आहे. उत्तर आलेले नाही.